आईंनी सोडलेलं मीठ

सासूबाई माझ्याशी कन्नडमध्ये बोलायला लागल्या तेव्हा मला आधी हसू आलं. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, सीमेला लागून. लहानपणी घरात कन्नड, शाळेत मराठी. पण लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून त्यांचं कन्नड दोनच ठिकाणी चालायचं, बहिणीशी फोनवर आणि रागावल्या की भांड्यांशी. माझ्याशी कधीच नाही, कारण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि त्या माझ्यावर रागावतात तेव्हा मला प्रत्येक शब्द कळावा अशी त्यांची फार इच्छा असते. त्या दुपारी मी कॉलेजातून पेपर तपासून घरी आले, हेल्मेट काढलं, तर त्या सोफ्यावर बसून मला शांतपणे काहीतरी सांगत होत्या. मी म्हटलं, "आई, मराठीत सांगा की." त्यांनी वर पाहिलं. मी कोण आहे हे त्यांना आठवत नव्हतं. मग माझं हसू गेलं.

एप्रिल संपत आला होता. सोलापूरचा एप्रिल काय असतो ते सोलापूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटची गच्ची डोक्यावर तापायची आणि संध्याकाळी नळाला हात लावला तरी पाणी गरम यायचं. त्या उन्हात आईंचं काहीतरी बिनसत होतं. मळमळायचं, जेवण जाईना, चालताना तोल जायचा. एकदा कुकर लावला आणि गॅस पेटवायचाच राहिला. एकदा दूधवाल्याला त्यांनी विचारलं, तुझी म्हैस बरी आहे का, आणि तो बिचारा गेली दहा वर्षं पिशवीतलं दूध देतोय.

माझा नवरा म्हणाला, वय झालं. नवरा चांगला माणूस आहे, पण "वय झालं" हे दोन शब्द त्याच्या फार आवडीचे. ते एकदा म्हटले की पुढं काही करावं लागत नाही. मी त्याच्यावर चिडले, कारण मला भीती वाटत होती की तो खरं बोलतोय. आई म्हणजे सत्तरी ओलांडलेली, पण जिन्यातल्या वासावरून कुणाच्या घरी काय करपलं ते सांगणारी बाई. मी केलेल्या भाजीला त्यांनी आजवर "बरी झालीय" यापुढं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही. आमचं पटतं असं मी म्हणणार नाही. पण भांडायला समोर तीच बाई हवी ना. सोफ्यावर बसलेली ही गरीब, गोड, हरवलेली म्हातारी मला नको होती. मला माझी सासू परत हवी होती.

आणि आम्ही सगळे काय करत होतो, तर पाणी पाजत होतो. उन्हाळा आहे, पाणी प्या. तोंड सुकलंय, पाणी प्या. मळमळतंय, घोटभर पाणी प्या. माठाशेजारी तांब्या ठेवला होता आणि जाईल-येईल तो त्यांच्या हातात भांडं देत होता. त्याही पीत होत्या, कारण तोवर त्यांचा नाही म्हणायचा स्वभावच कुठंतरी गळून गेला होता.

मी जीवशास्त्र शिकवते. शरीर आपली आतली स्थिती कशी कायम राखतं, हा माझा सगळ्यात आवडता धडा. बाहेर चव्वेचाळीस अंश असो नाहीतर डिसेंबरातली पहाट, आत सदतीसच. लग्नात सहा जिलब्या खाऊन या, दोन-तीन तासांत रक्तातली साखर आपल्या जागेवर. मिठाचंही तसंच. रक्तात मीठ वाढलं की तहान लागते. कमी झालं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि पाणी सोडून देतात. कुणी सांगत नाही, कुणी शाबासकी देत नाही, आपण झोपलो तरी हे चालूच. वर्गात मी हे सांगायला लागले की मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबते, असा माझा समज आहे. देव मला भेटलाच तर या धड्यात भेटतो, बाकी कुठं भेटत नाही. आणि हा धडा तोंडपाठ असलेली मी माझ्याच घरात तांब्यानं पाणी ओतत होते.

आई कन्नड बोलायला लागल्या त्याच दुपारी आम्ही त्यांना रिक्षात घालून सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची, बोलायला तुटक, हाताला हलकी. तिनं वयाचं नावसुद्धा काढलं नाही. रक्त तपासायला पाठवलं आणि तासाभरानं आम्हाला आत बोलावून म्हणाली, "सोडियम एकशे चौदा आहे."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. एकशे पस्तीसच्या वर हवं, हे मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेते. मी खुर्चीची कड धरली.

"म्हणजे रक्तातलं मीठ फार उतरलंय," डॉक्टर त्याला सांगत होती. "मीठ कमी आणि पाणी जास्त झालं की ते पाणी पेशींमध्ये शिरतं. मेंदूला कवटीत सुजायला जागा नसते. म्हणून असं असंबद्ध बोलणं."

"म्हणजे वयामुळं नाही?" मी विचारलं.

"वयामुळं नाही."

तेवढ्या दोन शब्दांसाठी मी त्या पोरीच्या पाया पडले असते. आजार आहे म्हणून एवढा आनंद झालेली सून त्या दवाखान्यानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

मग प्रश्न सुरू झाले. ब्लडप्रेशरची गोळी कुठली? तीत लघवी वाढवणारं औषध होतं, मीठ बाहेर काढणारं. पाणी किती पितात? आम्ही दोघंही खाली बघायला लागलो. जेवणात मीठ कमी करतात का? यावर आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, छे, घरात सगळे तेच खातात. डॉक्टर म्हणाली, "नुसत्या गोळीनं आणि पाण्यानं इतकं उतरायला नको होतं. आठवून बघा."

उपचार ऐकून नवरा वैतागला. मीठ कमी आहे ना, मग भरा की भराभर. पण तसं करायचं नव्हतं. गोळी बंद, पाणी मोजून, आणि शिरेतून मीठ अगदी सावकाश. डॉक्टरनं सांगितलं, मीठ हळूहळू उतरत गेलं तसतसं मेंदूनं स्वतःला सावरून घेतलंय, सूज वाढू नये म्हणून आपल्यातलंच काही बाहेर टाकून जुळवून घेतलंय. आता एकदम मीठ चढवलं तर तोच मेंदू आकसेल आणि कायमची इजा होईल. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि मला भरून आलं. आम्ही चुकीनं पाणी पाजत होतो आणि आतमध्ये ही बाई कुणाला न सांगता लढत होती. तिच्या मूत्रपिंडांनी किती दिवस मिठाचा कण न् कण धरून ठेवायचा प्रयत्न केला असेल, आणि गोळी तो बाहेर ढकलत होती. माझ्या आवडत्या धड्याचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मावशी आल्या, आईंची धाकटी बहीण. पिशवी खाली ठेवली, बहिणीच्या कपाळावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये बोलायला लागल्या. तेवढ्यात नर्स भाताची पेज घेऊन आली. मीठ घालून आणलेली. पहिला चमचा तोंडाजवळ नेला तशी आईंनी मान फिरवली, दात घट्ट मिटले आणि पुटपुटल्या, "उप्पु ब्याड. ब्याड."

हे मी आदल्या दिवसापासून ऐकत होते. वाटलं, नातलगातल्या कुणाला तरी हाक मारतायत.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"मीठ नगं म्हणतीया," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "आगं बया. हिनं आजून सोडलं न्हाय व्हय ते?"

"काय सोडलं नाही?"

"मीठ न खायाचं व्रत. दसऱ्याला माज्याकडं आली हुती तवा अळणीच जेवली. मी इचारलं, कशापायी गं? तर म्हणली, बोललीया देवाला. कशासाठी ते सांगितलं तर फळत न्हाय."

घरात तेच खातात म्हणे. पण आमच्या घरात स्वयंपाक आईंचा. मी सकाळी सातला घर सोडते. आमटीत मीठ पडायच्या आधी त्या आपली वाटी काढून ठेवत असणार. भाकरीत मीठ नसतंच. आम्हाला वाढून झालं की त्या शेवटी बसायच्या, दही-भाकरी, दूध-भाकरी. लोणचं दाताला झोंबतं, पापड पचत नाही, हे सगळं आम्ही मान डोलावत ऐकलं होतं. लिंबाचं सरबतसुद्धा नुसतं साखरेचं. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय आहे हे घरात कोण बघतं? आमच्याकडे कुणीही बघत नव्हतं.

डॉक्टरला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "हां, आता हिशेब लागला." आणि सलाईनचा थेंब तपासून निघून गेली.

आकडा वर यायला लागला. एकशे सतरा, एकशे बावीस. प्रत्येक रिपोर्ट हातात आला की मी मॅच बघणाऱ्या पोरासारखी मूठ आवळायची. कन्नडमध्ये अधूनमधून मराठी शब्द येऊ लागले. मग एका दुपारी मी घरून डबा आणला, झाकण उघडलं, आणि खाटेवरून आवाज आला.

"ही काय भाजी केलीस? गिलक्याचा पार लगदा झालाय की."

मी डबा तसाच ठेवला आणि त्यांच्या गळ्यात पडले. आमच्या इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या आखडून बसल्या आणि मावशींना म्हणाल्या, "हिला काय झालं गं?"

सलाईनमध्ये मीठ असतं हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. एवढं पाळलेलं वाया गेलं, असं म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. तेव्हा मावशींनी निवाडा दिला. "तोंडानं खाल्लंस का? न्हाय. शिरंतनं गेलेलं देव धरत न्हाय." यावर आईंचं समाधान झालं. माझं नाही. कारण मला पुढचं दिसत होतं. घरी जाताना डॉक्टरनं बजावलंच, "गोळी बदलून दिलीय. पण नेहमीसारखं मीठ खाल्लं नाही तर पुन्हा इथंच याल. आणि पुढच्या वेळी इतकं सोपं जाईल असं मी सांगत नाही."

आईंनी मान डोलावली. घरी येऊन पहिल्याच जेवणाला आमटीतली आपली वाटी मिठाआधी काढून ठेवली.

मग जी जुंपली ती जुंपली. मावशी अजून घरातच होत्या, त्या दाराच्या चौकटीत पान लावत बसल्या आणि दोन्ही बाजूंना हुंकार देत राहिल्या. मी फळा सोडून सगळं वापरलं. रक्त, मूत्रपिंड, मेंदू. नवऱ्यानं हात जोडले.

"तुजं शास्त्र तुज्यापाशी," आई म्हणाल्या. "देवाला बोललेलं मोडायचं नसतंय."

"पण कशासाठी बोललात ते तरी सांगा."

"न्हाय सांगत."

"मग किती दिवस?"

"हुईल तवा हुईल."

मला राग आला, तो देवाचा नव्हे, त्यांचाही नव्हे. इतकी चोख यंत्रणा आत चालवायची आणि बाहेरून तिच्या नरड्यावर पाय द्यायचा, याचा आला. मी भांडी आपटत ओट्याशी उभी होते आणि एकदम लक्षात आलं की मी चुकीच्या धड्यातून बोलतेय. या बाईला मूत्रपिंडाचं सांगून काही होणार नाही. तिच्याच धड्यातलं काहीतरी काढायला हवं.

"आई," मी वळून म्हटलं, "तुमच्या सासूबाईंचे शुक्रवार कोण करतं?"

"मी करतीया. त्यांच्यानं हुईनात म्हनून मी घेतले."

"म्हणजे सासूला झेपेना की सून व्रत पुढं चालवते."

"चालवती की."

"मग हे मला द्या."

पान लावणारा मावशींचा हात थांबला. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू आता माझंच सोडियम तपासावं लागेल. मी घरात उदबत्ती लावते तीही डासांसाठी, हे त्याला माहीत आहे.

"तू मीठ सोडणार?" आईंनी विचारलं.

"मीठ नाही. एका घरात एकच अळणी पेशंट पुरे. दुसरं काही सोडते. दोडका सोडू?"

"नावडतं सोडून कुटं व्रत आसतंय व्हय? ज्याच्यावाचून जीव तळमळतो ते सोडायचं."

ज्याच्यावाचून माझा जीव तळमळतो ते सगळ्या घराला ठाऊक आहे. सकाळी डोळे उघडायच्या आधी चहा, कॉलेजात पोचल्यावर चहा, दोन तासांच्या मधे फाटकासमोरच्या टपरीवर उभ्या-उभ्या चहा, घरी आल्यावर चपला काढायच्या आत चहा. चव्वेचाळीस अंशांतही मी गरम चहा पिते आणि घाम कसा शरीर थंड करतो ते वर लोकांना समजावते. आई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं मी माघार घेणार.

"चहा सोडला," मी म्हटलं.

"देवापुढं म्हन."

मी देवापुढं जाऊन म्हटलं. त्यांनी मला तांदूळ हातात घ्यायला लावले, मावशींना साक्षीला उभं केलं, आणि स्वतःच्या तोंडानं देवाला सांगितलं की आजपासून हे सुनेकडे. सगळं अगदी रीतसर, सातबाऱ्यावर नाव चढवावं तसं. मग मी त्यांना पाटावर बसवलं आणि ताट वाढलं. कडक भाकरी, मीठ घातलेली आमटी, आणि शेंगांची चटणी, तेल घालून.

ताट समोर असताना त्या म्हणाल्या, "आता तुला सांगायला पायजे. काय मागितलंय ते ठावं नसलं तर तू चालवशील कसं?"

सांगितलं तर फळत नाही म्हणतात. तरी मी ते इथं लिहितेय, कारण मला जे फळायला हवं होतं ते फळलं. पुढच्या तपासणीत आकडा एकशे अडतीस आला. बाकीचं देवानं आणि सरकारनं आपसात बघून घ्यावं.

"तू पर्मनंट व्हावीस म्हनून," आई म्हणाल्या.

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तो सुखी. शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला पुन्हा नव्यानं उभं राहायचं. गेल्या पावसाळ्यात माझ्या कायम नेमणुकीचा प्रस्ताव मंजुरीविना पुन्हा परत आला होता. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. तोंड धुऊन बाहेर आले आणि हसून म्हणाले की डोळ्यांत साबण गेला. कुणाला कळलं नाही असं मी धरून चालले होते. आईंनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता. फक्त संध्याकाळी आमटीत मीठ घालायच्या आधी स्वतःची वाटी बाजूला काढली असणार, आणि तेव्हापासून रोज दोन्ही वेळा, प्रत्येक फिक्क्या घासाला, त्यांनी माझी आठवण काढली असणार. मला त्यांनी कधी जवळ घेतलं नाही म्हणून मी कितीदा मनात कुढले होते. आणि मी यांच्या रक्तात, यांच्या मेंदूत, अगदी जिवापर्यंत जाऊन बसले होते.

मग लक्षात आलं की आता मी पर्मनंट होईपर्यंत मला चहा नाही. मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. नवराही डोळे पुसत होता. मावशी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या, आणि त्याचा अर्थ मी आजवर विचारलेला नाही.

"रडतीस काय?" आई म्हणाल्या. "मला जेवू दे की. लई भूक लागलीया."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवून तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ चावत राहिल्या. जिभेवर मीठ आलं तसा त्यांचा चेहरा मोकळा होत गेला, ते मी खाली बसून पाहत होते. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे चटणीची वाटी सरकवली आणि म्हणाल्या, "आजून वाढ. आन मीठ कमी पडलंय."